बाराचा पीळ

"दादा, एक विचारू? पण आईला सांगू नकोस," असं म्हणून माझ्या मावसभावाने फोनचा कॅमेरा फिरवला, तर समोर टेबलावर दोन रायफली. हा पठ्ठ्या कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो आणि अंडंसुद्धा खात नाही. रायफली शेजारच्या आजोबांकडच्या. त्यांच्या नातीने यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीचा परवाना काढलाय आणि घरात वाद पेटलाय : आजोबांची जुनी रायफल न्यायची की मामाची? आजोबांच्या नळीवर कोरलंय '.२४४ रेमिंग्टन', मामाच्या नळीवर '.२४३ विंचेस्टर'. दुकानदाराचं म्हणणं, .२४४ घुशी-कोल्ह्यांसाठी, हरणाला .२४३च. "आता मला सांग, २४४ हे २४३ पेक्षा मोठं ना? मग ते हरणाला कमी कसं पडेल?"

माझा बंदुकीशी संबंध एनसीसीत पालथं पडून झाडलेल्या पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्यांपुरता. त्यातली एक शेजारच्या कॅडेटच्या टार्गेटवर सापडली होती. आपल्याकडे हरणाची शिकार म्हणजे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली थेट तुरुंग. तिकडे ती परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, मोजून-मापून करतात. त्यावर भांडायचं तर वेगळा लेख लिहीन. भावाचा प्रश्न मात्र अस्सल भौतिकशास्त्राचा होता, आणि ज्याने लहानपणी भोवरा फिरवलाय त्याला त्याचं अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं.

आधी एक गोंधळ निस्तरू. आपण सरसकट 'गोळी' म्हणतो ते खरं तर काडतूस. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. पोलिसांना घटनास्थळी सापडतात त्या पुंगळ्या. आता गंमत अशी की .२४३ आणि .२४४ या दोन्ही काडतुसांत गोळी अगदी एकाच जाडीची असते, ०.२४३ इंच, म्हणजे ६.१७ मिलिमीटर. तो वरचा एक हजारांश फक्त नावातला, दुकानात वेगळं दिसावं म्हणून. फरक आहे तो पुंगळीत. विंचेस्टरने आपल्याच .३०८च्या पुंगळीचं तोंड आवळलं. रेमिंग्टनची पुंगळी जुन्या ७ मिलिमीटर माउजरच्या घराण्यातली, जवळपास पाच मिलिमीटरने लांब. त्यामुळे एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत घालायचा विचारही करू नये.

दोन्ही काडतुसं बाजारात आली एकाच वर्षी, १९५५ साली. गोळीचं वजन अमेरिकेत आजही ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याला हे माप वाटतं तितकं परकं नाही, कारण इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे हरणासाठी वापरतात ती १०० ग्रेनची गोळी भरते साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून जराशी जास्त. ही गोळी .२४३मधून सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने निघते, रेमिंग्टनच्या लांब पुंगळीतून ९४५ मीटरने. फरक पाच टक्क्यांचा. २०० यार्डांवर पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षण दोन्ही गोळ्यांना वीस-बावीस सेंटिमीटर खाली ओढतं आणि त्या दोन आकड्यांतलं अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर. शिकाऱ्याचा श्वास त्याहून जास्त हलवतो.

इथे जाहिरातवाल्यांचा लाडका शब्द येतो, 'लोळवण्याची ताकद'. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून काच फोडतो. न्यूटनचा तिसरा नियम आठवा : गोळीने समोरच्याला उडवायचं असेल, तर मागचा दस्ता झाडणाऱ्यालाही तेवढ्याच जोराने उडवेल. या १०० ग्रेनच्या गोळीचा संवेग काढला तर येतो ५.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ताशी १३० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचाही तेवढाच. सत्तर किलोचं हरीण त्याने सेकंदाला आठ सेंटिमीटर सरकेल, बस्स. हरीण मरतं ते गोळी छातीत शिरून फुप्फुसं आणि हृदय फाडते म्हणून. तिच्यात चेंडूच्या पंचवीस पट ऊर्जा असते आणि ती सगळी सहा मिलिमीटरच्या टोकाशी एकवटलेली. म्हणजे गोळी नेमकी कुठे आणि कशी लागते यावर सगळं आलं. आडवी झालेली, भरकटलेली गोळी पोटात किंवा पायात बसते आणि जनावर जखमी होऊन दोन दिवस रानात तडफडतं.

तर ती आडवी का होईल? रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. गोळी त्यांत आवळून पुढे सरकते आणि गिरकी घेत बाहेर पडते. विंचेस्टरने आपल्या नळीला दहाचा पीळ दिला : दहा इंचांत एक पूर्ण फेरा. रेमिंग्टनने दिला बाराचा, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीच्या लांबीत एक फेरा. वेग सेकंदाला ३००० फूट धरला तर दहाच्या पिळातून सुटलेली गोळी सेकंदाला ३६०० फेरे घेते, मिनिटाला दोन लाख सोळा हजार. बाराच्या पिळात सेकंदाला ३०००. माझ्या मिक्सरला हे सांगितलं तर तो बिचारा लाजेल.

एवढं फिरवायचं कशाला? बाणाला मागे पिसं असतात, त्यामुळे हवेचा जोर त्याच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडतो आणि बाण आपोआप सरळ होतो. गोळीचं नेमकं उलटं. तिचं वजन बुडाकडे, आणि हवेचा जोर पडतो पुढे, नाकाजवळ. नाक तसूभर जरी कललं तरी हवा ते आणखी कलवते. न फिरणारी टोकदार गोळी थोड्याच अंतरात कोलांटी खाणार, यात शंकाच नाही.

आता सायकलचं पुढचं चाक काढा, आस दोन्ही हातांत धरा आणि कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांगा. आस उजवीकडे वळवायला जा, चाक उजवीकडे न वळता वर किंवा खाली झुकतं. हातांना एखाद्या हट्टी जनावरासारखं जाणवतं ते. फिरत्या वस्तूला ढकललं की ती ढकलल्या दिशेला जात नाही, तिच्या काटकोनात जाते. गोळीचं नाक हवेने वर ढकललं की ते उजवीकडे सरकतं. उजवीकडे गेलं की हवेचा जोरही उजवीकडे वळतो, म्हणून नाक खाली सरकतं. मग डावीकडे, मग पुन्हा वर. म्हणजे नाक कोलमडायच्या ऐवजी उड्डाणाच्या रेषेभोवती छोटंसं वर्तुळ काढत राहतं. जाळी सोडून जमिनीवर आलेला भोवरा आधी डुलतो आणि मग 'झोपतो', तसंच हे. भोवरा मंदावला की पुन्हा डुलायला लागतो आणि लोळतो. गोळीचं इथे उलटं आहे, आणि हा मुद्दा मला फार आवडतो : हवा तिचा पुढचा वेग झपाट्याने खाते, गिरकी मात्र फारशी कमी होत नाही. त्यामुळे उलथवणारा जोर घटत जातो, गिरकी टिकून राहते, आणि गोळी नळीतून निघताना असते त्याहून पुढे जाऊन अधिक स्थिर होते. जी काय परीक्षा असते ती नळीच्या तोंडाशी.

पुढचा परिच्छेद जड आहे, वाटल्यास उडी मारा. स्थिरता मोजतात ती एका गुणोत्तराने. अंशस्थानी गिरकीचा वर्ग आणि स्वतःच्या आसाभोवतीच्या जडत्वाचा वर्ग. छेदस्थानी कोलांटीच्या दिशेचं जडत्व आणि हवेचा उलथवणारा जोर. हे एकाच्या वर असलंच पाहिजे, आणि दीड असेल तर निर्धास्त. जाडी तीच ठेवून गोळी लांब केली की गिरकीचं जडत्व लांबीच्या प्रमाणात वाढतं, कोलांटीचं जडत्व मात्र जवळपास लांबीच्या घनाने. म्हणून कळीची असते लांबी, वजन नव्हे. इंग्लंडात वूलिचला तोफखान्याच्या विद्यालयात गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ साली पिळाचं सूत्र मांडलं, त्यातही फक्त जाडी आणि लांबी आहे. मी एक इंच लांबीची, १०० ग्रेनची टोकदार गोळी धरून डॉन मिलर यांच्या अलीकडच्या सूत्राने हिशेब केला : बाराच्या पिळात गुणोत्तर साधारण १.२, दहाच्या पिळात १.७, नवाच्या पिळात २.१. दोन इंचांच्या फरकाने गुणोत्तर जवळपास दीडपट होतं, कारण पीळ वर्गात येतो.

रेमिंग्टनचे इंजिनिअर काही अडाणी नव्हते. त्यांनी धरून चाललं की ही रायफल लोक शेतातल्या घुशी, कोल्हे टिपायला घेतील. त्यासाठी ७५ आणि ९० ग्रेनच्या आखूड गोळ्या पुरेत आणि त्यांना बाराचा पीळ छान बसतो. उगाच जास्त पीळ दिला तर पातळ कवचाची गोळी हवेतच फुटू शकते. दहाच्या पिळातसुद्धा गोळीच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या दीड लाख पटींहून जास्त ताण असतो. पण अमेरिकन शेतकऱ्याला उन्हाळ्यात घूस आणि पानगळीत हरीण, दोन्हींसाठी एकच रायफल हवी होती. विंचेस्टरने १०० ग्रेनची गोळी दिली, रेमिंग्टनने दिली नाही, आणि '.२४४ हरणाला चालत नाही' ही आवई उठली ती उठलीच. पुढे रेमिंग्टनने पीळ नवाचा केला आणि १९६३ साली त्याच काडतुसाचं नाव बदलून '६ एमएम रेमिंग्टन' ठेवलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. दुकानांत आजही .२४३ सर्रास मिळतं, ६ एमएमसाठी शोधाशोध करावी लागते.

खरं तर बोथट नाकाची १०० ग्रेनची गोळी आखूड असते, ती बाराच्या पिळातही बरेचदा नीट उडते. ही बारीक अक्षरातली गोष्ट आवईत केव्हाच गाळली गेली. उलट हल्ली शिशाऐवजी निव्वळ तांब्याच्या गोळ्या वाढतायत, कारण शिकारीच्या उरलेल्या मांसातून शिसं गरुड-गिधाडांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियात तर २०१९पासून शिकारीला शिशावर बंदीच आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि १९५५चा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

भावाला म्हटलं, नळीवरच्या अक्षरांवर जाऊ नका, पीळ मोजा. त्याने आजोबांकडून नळी साफ करायची सळई घेतली, टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली, मुठीजवळ चिकटपट्टीचा झेंडा लावला आणि सळई हळूहळू आत ढकलली. झेंडा फिरत-फिरत पुन्हा वर आला तेव्हा फूटपट्टी बरोबर संपली होती. बारा. आजोबा म्हणाले, मी हे चाळीस वर्षांत केलं नाही.

मग मी माझा निकाल दिला : शंभरच्या टोकदार गोळ्या काठावर आहेत, ९० ग्रेनच्या हरणासाठीच्या घ्या. कोलोरॅडोच्या नियमात हरणासाठी किमान ७० ग्रेन लागतं, म्हणून ७५ची चालेल असंही कुणी म्हणेल. पण घुशींसाठी बनवलेली पातळ कवचाची गोळी हरणाच्या कातडीखालीच फुटते, ती नको. आणि मामाची .२४३ मिळतच असेल, तर निमूट ती न्या.

पुढच्या रविवारी कागदाचा फोटो आला. पोरीने हट्टाने आजोबांच्याच रायफलीतून शंभरच्या टोकदार गोळ्या झाडल्या होत्या. पाच भोकं, पाचही गोल. एकही आडवी नाही. "दादा, तुझं गणित फसलं!"

मी विचारलं, तापमान किती होतं? अठ्ठावीस. आणि गाव समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटर उंच. म्हणजे हवा माझ्या हिशेबातल्या हवेपेक्षा वीस टक्के विरळ. उलथवणारा जोर तेवढा कमी, आणि १.२चे झाले दीड. थंड हवा दाट असते. अमेरिकी सैन्याने एम-१६ रायफलीचा चौदाचा पीळ बाराचा केला तो याच कारणाने, कडाक्याच्या थंडीत गोळ्या डगमगल्या म्हणून. शिकारीचा हंगाम बर्फात असतो.

नातीने ९०ची पेटी घेतली. शंभरचं उरलेलं खोकं आजोबांनी कपाटात ठेवलंय, वर पेनने लिहून : फक्त जुलै.