अतिशीत फर्मी वायू: अणू टिकवण्यासाठी झालेली धडपड

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 अंशांवर जातो, म्हणजे 315 केल्विन. फर्मी वायूचे, म्हणजे फर्मिऑन जातीच्या अणूंच्या ढगाचे, प्रयोग 100 नॅनोकेल्विनच्या आसपास चालतात. त्या आकड्याचा तीन अब्जावा भाग. इथल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना बोस-आइन्स्टाइन संघनन (अतिथंड अणू एकाच क्वांटम अवस्थेत एकवटणं) अभ्यासक्रमात भेटतं आणि गोष्ट बहुधा 1995 वरच, म्हणजे ते वायूत पहिल्यांदा साधलं त्या वर्षावर, थांबते. आमच्या मते खरी गंमत त्यापुढे आहे.

1995 चे रुबिडियम आणि सोडियमचे वायू विरळ होते, त्यांतले अणू एकमेकांना जेमतेम ढकलत. हा जोर वाढवायला फेशबाख रेझोनन्स हाताशी होता: ठरावीक चुंबकीय क्षेत्राजवळ प्रकीर्णन लांबी (अणूंच्या परस्परक्रियेच्या जोराचं माप) हवी तेवढी ताणता येते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सोडियमवर, 907 गॉसजवळ (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), तो दिसला. पण दिसला तो अणू भराभर नाहीसे होताना. तीन अणू एकत्र आले की दोघांचा रेणू बनतो आणि सुटलेल्या ऊर्जेने तिघेही अणूंना धरून ठेवणाऱ्या सापळ्याबाहेर फेकले जातात. हा ऱ्हास प्रकीर्णन लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. जोर दुप्पट केला तर तोटा सोळापट.

वाट सापडली ती फर्मिऑनांत, म्हणजे ज्यांतले दोन कण एकाच अवस्थेत एका जागी राहू शकत नाहीत (हाच पाउलीचा नियम) अशा कणांत. दोन स्पिन अवस्थांच्या (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग) मिश्रणात कोणतेही तीन अणू घेतले तरी त्यांतले दोन एकसारखे असतात, आणि पाउलीचा नियम त्यांना जवळ येऊ देत नाही. पण हाच नियम थंड करताना आडवा येतो: एकाच अवस्थेतले फर्मिऑन इतक्या कमी तापमानाला एकमेकांवर आदळतच नाहीत, त्यामुळे बाष्पीभवन (जास्त ऊर्जेचे अणू सोडून देऊन उरलेले थंड करणं) अडतं. भौतिकशास्त्रज्ञ डेबोरा जिन आणि ब्रायन डीमार्को यांनी 1999 मध्ये पोटॅशियम-40 च्या दोन अवस्था एकत्र ठेवून हे कोडं सोडवलं.

लिथियम-6 च्या सर्वांत खालच्या दोन अवस्था चुंबकीय सापळ्यात राहत नाहीत, त्यांना प्रकाशाचाच सापळा लागतो. तिथे लेझरची तीव्रता, अणू सापळ्यात ज्या वारंवारतेने डोलतात तिच्या दुपटीने थरथरली, तर ढग आपोआप तापत जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने अतिशय स्थिर कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून हे तापणं टाळलं आणि 2002 मध्ये जोरदार परस्परक्रियेचा वायू मिळवला. सापळा बंद करताच लांबुळका ढग आडवा झपाट्याने फुगला आणि लांबीच्या दिशेने जवळपास तसाच राहिला. अणू जोरात परस्परक्रिया करत असल्याची ही खूण.

लिथियमचा रेझोनन्स 832 गॉसला आहे आणि शेकडो गॉस रुंद आहे, म्हणून क्षेत्र थोडं हललं तरी चालतं. पोटॅशियमचा 202 गॉसचा रेझोनन्स जेमतेम 7 गॉस रुंद. तिथे मिलिगॉसची शिस्त लागते. हे क्षेत्र निर्माण करणाऱ्या कॉइलमधून शेकडो अँपिअर जातात, म्हणून ती पोकळ तांब्याच्या नळीची करून आतून पाणी खेळवतात. आपल्याकडचं बोअरचं क्षारयुक्त पाणी थेट सोडलं तर नळीत थर बसेल, प्रवाह घटेल आणि कॉइल तापून क्षेत्र सरकेल. शुद्ध केलेलं पाणी बंद चक्रातच फिरवावं लागतं.

2003 मध्ये फर्मिऑनांच्या रेणूंचं संघनन झालं, 2004 मध्ये जिन यांच्या गटाने अणुजोड्यांचं. 2005 मध्ये एमआयटीत लिथियमचा ढग लेझरने ढवळला तेव्हा भोवऱ्यांची नेटकी जाळी उमटली आणि अतिप्रवाहितेबद्दलची (घर्षणाशिवाय वाहण्याबद्दलची) शंका मिटली. 2012 मध्ये तिथेच रेझोनन्सवरच्या वायूची ऊर्जा मोजली: परस्परक्रिया नसलेल्या वायूच्या 0.376 पट. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचातल्या विरळ न्यूट्रॉन द्रव्याची गणितं आज याच आकड्याशी ताडून पाहतात.