प्रत्यारोपणोत्तर मधुमेह

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर निदान होणारा मधुमेह. याला पूर्वी ‘नव्याने जडलेला मधुमेह’ म्हणत. पण काहींना तो आधीपासूनच असतो, फक्त कळलेला नसतो. म्हणून २०१४ च्या आंतरराष्ट्रीय सहमती अहवालाने ते जुने नाव सोडले.

परक्या मूत्रपिंडावर शरीराने हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. बॉस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांनी केलेल्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणात ती लागली नाहीत, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांसाठी १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या जोडीला स्टेरॉइड आले, आणि त्याच्यामागोमाग साखर.

स्टेरॉइडमुळे यकृत जास्त ग्लुकोज तयार करते आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. टॅक्रोलिमस हे आजचे प्रमुख औषध तर स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिनच घटवते. त्यात स्टेरॉइडने भूक खवळते. डायलिसिसवर असताना पाणी मोजून प्यायलेल्या, केळे आणि नारळपाणी वर्ज्य असलेल्या माणसाला आता कुठे मोकळेपणाने खाता येत असते! पोट सुटते, चेहरा गोल होतो, दंड-मांड्या मात्र बारीक होतात. कोलेस्टेरॉलही चढते.

खरी फसगत तपासणीत होते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतात. तिचा साखरेवरचा परिणाम दुपारपासून जाणवतो आणि रात्रीतून ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटी साखर ९५ आणि दुपारी चारला २४०, असे घडू शकते. सकाळी लॅबमध्ये रक्त देऊन ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेणारा रुग्ण निर्धास्त राहतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही सुरुवातीच्या काळात भरवशाची नाही; रक्तक्षय किंवा रक्त चढवल्यामुळे ती चुकू शकते. औषधांचे डोस स्थिरावल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजणे उत्तम. २०० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा अधिक म्हणजे मधुमेह. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांची साखर वाढतेच, तेव्हा शिक्का मारण्याची घाई करत नाहीत, पण गरज पडल्यास इन्शुलिन देतात.

जर्मनीतील ‘हार्मनी’ या उपचार-चाचणीत (२०१६) शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याचा धोका कमी असलेल्या काही रुग्णांचे स्टेरॉइड आठव्या दिवशी थांबवले. वर्षभरात त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण, स्टेरॉइड चालू ठेवलेल्यांतल्या ३९ टक्क्यांऐवजी, सुमारे २४ टक्के भरले, आणि मूत्रपिंड नाकारले जाण्याचे प्रमाण वाढले नाही. पण स्टेरॉइड थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी सुस्तावलेली असते. साखरेला घाबरून गोळी परस्पर बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो आणि मूत्रपिंडही गमावण्याची वेळ येऊ शकते.