'व्हीलॅन १०' आणि 'इंटरफेस व्हीलॅन १०': आकडा एक, कामं दोन

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचला कन्सोल केबल लावून बसलेल्या नव्या माणसाला पहिल्या तासाभरातच दोन कमांड भेटतात: 'व्हीलॅन १०' आणि 'इंटरफेस व्हीलॅन १०'. (व्हीलॅन म्हणजे स्विचच्या पोर्टांचा गट करून पाडलेलं वेगळं, आभासी नेटवर्क.) दोन्ही ग्लोबल कॉन्फिग मोडमधूनच द्यायच्या, दोन्हींत आकडा तोच, आणि दोन्ही दिल्या की स्विच काही कुरकुर न करता पुढचा प्रॉम्प्ट दाखवतो. त्यामुळे दुसरी कमांड म्हणजे पहिलीचीच लांबट आवृत्ती, असा समज सहज होतो. प्रॉम्प्ट नीट वाचला तर फरक तिथेच लिहिलेला असतो. पहिलीनंतर कंसात 'कॉन्फिग-व्हीलॅन' येतं, दुसरीनंतर 'कॉन्फिग-आयएफ'. म्हणजे पहिलीत तुम्ही व्हीलॅन घडवताय आणि दुसरीत एका इंटरफेसमध्ये शिरलाय, गिगाबिट पोर्टमध्ये शिरता तसेच. फक्त या इंटरफेसला केबल खुपसायला जागा नाही, तो स्विचच्या आतच असतो.

'व्हीलॅन १०' ही लेयर २ ची, म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता बघून फ्रेम (डेटाचा तुकडा) हलवण्याच्या पातळीची गोष्ट. स्विचच्या यादीत दहा नंबरचा एक गट तयार होतो आणि 'स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०' देऊन तुम्ही त्यात पोर्ट टाकता. एका पोर्टवरून आलेला ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा संदेश) त्या गटातल्या बाकी सगळ्या पोर्टांवर जातो, गटाबाहेर जात नाही. ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडणीवरून, दुसऱ्या स्विचकडे जाताना फ्रेमला चार बाइटचा टॅग लागतो आणि त्यात गटाचा नंबर असतो. या टॅगचं प्रमाण, ८०२.१क्यू, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. नंबरासाठी त्यात १२ बिट आहेत, म्हणून ० आणि ४०९५ हे राखीव आकडे वगळून ४०९४ व्हीलॅन हाती राहतात. या सगळ्यात आयपी अ‍ॅड्रेस हा शब्द कुठेच आला नाही. यायचं कारणच नाही, कारण व्हीलॅनला आयपीशी देणंघेणं नसतं. कॉन्फिग-व्हीलॅनमध्ये 'आयपी अ‍ॅड्रेस' टाइप करून पाहा, स्विच ती कमांड घेणार नाही. तिथे मुख्यतः 'नेम' द्यायचं असतं, आणि ते जरूर द्यावं. सहा महिन्यांनी ३७ नंबरचा व्हीलॅन कशासाठी केला होता ते कुणालाच आठवत नाही. एक छोटी खोच: हे बदल कॉन्फिग-व्हीलॅनमधून बाहेर पडल्यावर लागू होतात. आत बसूनच 'डू शो व्हीलॅन ब्रीफ' देऊन 'दिसत का नाही' म्हणून डोकं धरणारे बरेच असतात.

'इंटरफेस व्हीलॅन १०' ही लेयर ३ ची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मार्ग ठरवण्याच्या पातळीची गोष्ट. सिस्कोच्या भाषेत तिला स्विच व्हर्च्युअल इंटरफेस, थोडक्यात एसव्हीआय म्हणतात. दहा नंबरच्या गटात स्विच स्वतःचं एक ठिकाण घेतो आणि त्याला आयपी अ‍ॅड्रेस देतो, समजा १९२.१६८.१०.१, मास्क २५५.२५५.२५५.०. याचा उपयोग दोन कामांना. एक, स्विचला दुरून एसएसएच (सुरक्षित लॉगिन) करता यावं. दोन, त्या गटातल्या मशीनना बाहेर जाण्यासाठी गेटवे मिळावा. नुसत्या लेयर २ स्विचवर पहिलंच काम होतं, आणि तिथे असा एक इंटरफेस पुरतो. लेयर ३ स्विचवर मात्र ज्या ज्या व्हीलॅनला हाच स्विच गेटवे असणार, त्या प्रत्येकाला एक एसव्हीआय लागतो. डीएचसीपी सर्व्हर (मशीनना आयपी पत्ते वाटणारा) दुसरीकडे असेल तर 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' याच इंटरफेसवर, आणि दोन स्विच मिळून एकच गेटवे चालवणार असतील तर त्यासाठीचा एचएसआरपी हा प्रोटोकॉलही इथेच.

जुन्या पुण्यातला वाडा डोळ्यांसमोर आणा. व्हीलॅन म्हणजे वाडा, एसव्हीआय म्हणजे त्याचा रस्त्याकडचा दरवाजा. दरवाजा नसला तरी आतले बिऱ्हाडकरू चौकात एकमेकांना भेटतातच. आणि दरवाजावर कितीही कडक राखणदार बसवला तरी चौकातल्या गप्पा त्याच्या कानावर पडत नाहीत.

राखणदाराबद्दलचं हे वाक्य विसरणं सुरक्षेच्या बाबतीत फार महाग पडू शकतं. १९२.१६८.१०.११ आणि १९२.१६८.१०.१२ ही दोन मशीन एकाच व्हीलॅनमध्ये आहेत. पहिलं मशीन मास्क लावून बघतं, समोरचा आपल्याच सबनेटमधला (आयपी पत्त्यांच्या गटातला) आहे हे त्याला कळतं, ते एआरपीने त्याचा मॅक अ‍ॅड्रेस विचारतं आणि फ्रेम थेट त्याच्याकडे पाठवतं. स्विच मॅक टेबल बघून ती योग्य पोर्टवर सोडतो. एसव्हीआयचा यात काही संबंध येत नाही. आता तेच मशीन १९२.१६८.२०.१५ शी बोलू पाहतं. हा पत्ता परका, म्हणून ते गेटवेचा मॅक विचारतं आणि फ्रेम एसव्हीआयच्या मॅकवर पाठवतं. स्विच ती आपल्यासाठीच आहे असं समजून उघडतो, आतल्या आयपी पॅकेटचा मार्ग शोधतो, टीटीएल (पॅकेटला अजून किती टप्पे घेता येतील तो आकडा) एकने कमी करतो, दोन्ही मॅक अ‍ॅड्रेस बदलतो आणि व्हीलॅन २० मध्ये सोडतो. म्हणून 'इंटरफेस व्हीलॅन १०' वर लावलेली अ‍ॅक्सेस लिस्ट (रहदारी सोडण्या-अडवण्याचे नियम) फक्त या दुसऱ्या प्रकारच्या वाहतुकीला लागते. पहिल्या दोन मशीनमधली रहदारी थांबवायची असेल तर पोर्टवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावावी लागते किंवा व्हीलॅन मॅप (संपूर्ण व्हीलॅनला लागणारी गाळणी) वापरावा लागतो. 'अकाउंट्सच्या व्हीलॅनवर लिस्ट लावली आहे, आता सगळं बंद' असं म्हणणाऱ्याला एकदा विचारावं, कुठे लावली? आणि दिशेचाही घोळ होतोच. 'इन' म्हणजे व्हीलॅनमधल्या मशीनकडून स्विचकडे येणारं, 'आउट' म्हणजे स्विचकडून त्या मशीनकडे जाणारं. व्हीलॅनच्या बाजूने विचार केला की हे बरोबर उलटं वाटतं. विचार नेहमी स्विचच्या बाजूने करावा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. 'इंटरफेस व्हीलॅन ३०' दिल्याने व्हीलॅन ३० तयार होत नाही. इंटरफेस तयार होतो, आयपी घेतो, रनिंग कॉन्फिगमध्ये (स्विचच्या चालू मांडणीत) दिमाखात दिसतो, पण 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मध्ये प्रोटोकॉलच्या रकान्यात 'डाउन' असतं. 'नो शटडाउन' दहा वेळा दिलं तरी ते बदलत नाही. एसव्हीआय चालू व्हायला तीन अटी लागतात: तो स्वतः शटडाउन नसावा, त्या नंबरचा व्हीलॅन स्विचच्या यादीत चालू स्थितीत असावा, आणि त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट, अ‍ॅक्सेस असो वा ट्रंक, चालू असून स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या व्यवस्थेत) फॉरवर्डिंगला, म्हणजे फ्रेम सोडण्याच्या स्थितीला, पोचलेला असावा. तिसरी अट लोक विसरतात. नवा व्हीलॅन, नवा एसव्हीआय, पण एकाही पोर्टला केबल नाही, मग गेटवे पिंग होणार कसा? केबल लावल्यावरही जुन्या पद्धतीची स्पॅनिंग ट्री लिसनिंग आणि लर्निंगमध्ये प्रत्येकी १५ सेकंद घेते, तेवढा अर्धा मिनिट धीर धरायचा.

गोंधळात भर टाकायला स्विच एका बाबतीत भलताच मदतगार आहे. यादीत नसलेल्या व्हीलॅनमध्ये पोर्ट टाकायला गेलात, म्हणजे 'स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन ३०' दिलंत, तर तो 'हा व्हीलॅन नाही, तयार करतोय' असा संदेश देऊन खरंच तयार करतो. त्यामुळे अ‍ॅक्सेस स्विचवर (मशीन थेट ज्याला जोडतात तो) 'व्हीलॅन ३०' ही कमांड कधीच न देता वर्षानुवर्षं काम चालतं. मग तोच माणूस डिस्ट्रिब्यूशन स्विचवर, म्हणजे हे स्विच एकत्र जोडणाऱ्या वरच्या स्विचवर, येतो. तिथे सगळे पोर्ट ट्रंक, अ‍ॅक्सेस पोर्ट एकही नाही, त्यामुळे व्हीलॅन आपोआप तयार करणारं कुणीच नाही. ट्रंकच्या 'अलाउड' यादीत ३० लिहिला तरी व्हीलॅन घडत नाही. 'शो इंटरफेसेस ट्रंक' मध्ये ३० हा 'अलाउड' ओळीत दिसतो, पण खालच्या 'अलाउड अँड अ‍ॅक्टिव्ह' ओळीत नसतो. त्या एका ओळीत उत्तर असतं. शिवाय 'शो व्हीलॅन ब्रीफ' मध्ये ट्रंक पोर्ट दाखवतच नाहीत. तिथे पोर्ट दिसत नाहीत म्हणून व्हीलॅन रिकामा आहे असं समजू नये.

'शटडाउन' हा शब्द दोन्ही ठिकाणी चालतो, म्हणून त्यात जास्त धोका. 'इंटरफेस व्हीलॅन १०' मध्ये 'शटडाउन' दिलं तर गेटवे बंद होतो, आतली मशीन आपापसात बोलत राहतात, प्रिंटर छापत राहतो, फक्त इंटरनेट आणि दुसरे विभाग तुटतात. 'व्हीलॅन १०' मध्ये 'शटडाउन' दिलं तर त्या स्विचवर त्या गटाचं स्विचिंगच थांबतं, शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही गेला. 'शो व्हीलॅन ब्रीफ' मध्ये स्थिती 'अ‍ॅक्ट/एलशट' अशी दिसते, आणि हे अक्षरांचं कडबोळं पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते बंद असल्याचं चिन्ह आहे हे सुचणं कठीणच.

सगळे एसव्हीआय वर आले तरी व्हीलॅन १० मधून २० मध्ये पॅकेट जात नसेल तर 'आयपी राउटिंग' दिलंय का ते पाहा. ३५६०, ३७५० सारख्या कॅटॅलिस्टवर ते मुळात बंद असतं. ते सुरू केल्यावर 'आयपी डीफॉल्ट-गेटवे' या कमांडकडे स्विच लक्ष देत नाही. बाहेरची वाट 'आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढे राउटरचा पत्ता अशी द्यावी लागते. उलट राउटिंग बंद असलेल्या स्विचवर 'आयपी डीफॉल्ट-गेटवे' च कामाला येतं.

हा सगळा प्रकार सिस्कोपुरता नाही, पण प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी आहे. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचवर 'व्हीलॅन १०' मध्ये शिरूनच 'अनटॅग्ड १-२४' म्हणत पोर्ट टाकायचे आणि तिथेच 'आयपी अ‍ॅड्रेस' ही द्यायचा. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत. तिथे शिकलेल्याला सिस्कोवर वरची चूक होणं अगदी साहजिक. हुवावेवर इंटरफेसचं नावच 'व्हीलॅनिफ १०' असं निराळं आहे, त्यामुळे डोळा फसत नाही. ज्युनिपरची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते: व्हीलॅन वेगळा लिहा, 'आयआरबी' इंटरफेसचं युनिट वेगळं लिहा, आणि मग 'एल३-इंटरफेस' या ओळीने दोघांची गाठ स्वतःच्या हाताने मारा. आकडा जुळला म्हणून तिथे नातं आपोआप जुळत नाही. सिस्कोवर फक्त आकड्यावरून जुळतं, आणि सगळा घोळ तिथूनच येतो.

पुसण्याचंही तसंच. 'नो इंटरफेस व्हीलॅन १०' ने दरवाजा जातो, पोर्ट जागेवर राहतात. 'नो व्हीलॅन १०' ने मात्र त्यातले अ‍ॅक्सेस पोर्ट अनाथ होतात. ते व्हीलॅन १ मध्ये परत जात नाहीत, निष्क्रिय होऊन पडतात आणि 'शो व्हीलॅन ब्रीफ' मधून गायब होतात. व्हीलॅन पुन्हा तयार केला की परत जिवंत होतात.

दोन्ही गोष्टी साठवल्याही वेगवेगळ्या जागी जातात. स्विच व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅनची यादी रनिंग कॉन्फिगमध्ये नसते, फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या फाइलमध्ये असते. एसव्हीआय मात्र कॉन्फिगमध्ये. म्हणून कॉन्फिगचा बॅकअप नव्या स्विचवर चिकटवला की एसव्हीआय सगळे येतात आणि व्हीलॅन येत नाहीत. 'राइट इरेज' करून जुना स्विच साफ केला तरी व्हीलॅन मागे उरतात, ती फाइल वेगळी पुसावी लागते. व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडमध्ये व्हीलॅन कॉन्फिगमध्येही लिहिले जातात. लहान नेटवर्कमध्ये तोच मोड ठेवावा असं माझं मत.

याची खरी झळ लागते ती दुरून काम करताना. एसएसएचवरून एसव्हीआयला हात लावण्याआधी जाणकार माणूस 'रीलोड इन १०' देऊन ठेवतो. काही बिघडून संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीबूट होतो आणि सेव्ह न केलेला बदल विसरतो. सगळं ठीक झालं तर 'रीलोड कॅन्सल'. इंटरफेसच्या बदलांना ही युक्ती लागू पडते. पण सर्व्हर मोडमध्ये दिलेलं 'नो व्हीलॅन १०' सेव्ह करण्याची वाट न पाहता फाइलमध्ये गेलेलं असतं, आणि रीबूटनंतरही स्विच दहा नंबरशिवायच उठतो. त्यासाठी कन्सोल केबल घेऊन रॅकपाशीच जावं लागतं.