पद्धतशीर विचार आणि व्यवस्थेचा विचार

कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीवर गावागावांत बैठका होतात तेव्हा हे दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जातात, आणि माझ्या मते उपाय तिथूनच चुकू लागतात. पद्धतशीर विचार म्हणजे हातातले काम क्रमाने, काहीही न वगळता करणे. व्यवस्थेचा विचार म्हणजे ते काम ज्यांच्याशी जोडलेले आहे त्या गोष्टी एकमेकींना कशा ओढतात आणि तो ताण फिरून आपल्याच शेतात कसा येतो, हे पाहणे.

विहिरीवरची मोटार बंद पडली तर पहिला विचार पुरतो. फ्यूज, स्टार्टर, केबल असे तपासत गेले की दोष सापडतो.

बोंडअळीचे तसे नाही. यवतमाळ-वर्ध्याकडे कपाशी फुलोऱ्यात आली की पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले एखादे फूल दिसते, तीच डोमकळी, अळी लागल्याची खूण. पुढे अळी बोंडात शिरते, तिचे छिद्र बुजते आणि फवारा आत पोहोचत नाही. शेतकरी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावतो, सलग 3 दिवस प्रत्येक सापळ्यात रोज अळीचे 8 पतंग सापडले की फवारतो. हे आवश्यकच आहे, पण पतंग धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओळखत नाही.

ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो डिसेंबरनंतरही फरदड ठेवतो, म्हणजे तेच पीक पाणी देऊन पुढे राखतो. मजुरी आणि उसनवारी फेडायची असते, त्यामुळे त्याच्यापुरता तो निर्णय शहाणपणाचाच असतो. मात्र अळीला सलग खाद्य मिळते, पुढच्या हंगामात सगळ्या शिवारात तिचा उपद्रव वाढतो, फवारणीचा खर्च चढतो, आणि खर्च चढला म्हणून आणखी काहींना फरदडीचा मोह होतो. या चक्रात दोषी माणूस शोधून हाती काही लागत नाही.

बियाण्याचेही तेच झाले. देशात बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारक ठरणारे जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, अशा दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळत असे, ते शेताच्या कडेने ओळींत पेरायचे. त्या ओळींवर वाढणारे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी मिसळतात आणि अळीची प्रतिकारशक्ती पसरू देत नाहीत. त्या ओळी म्हणजे वाया गेलेली जमीन, असा हिशेब अनेकांनी केला आणि त्या पेरल्याच नाहीत; अळी बीटीला दाद देईनाशी झाली. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडली तेव्हा आत डागाळलेली रुई आणि पोखरलेली सरकी निघाली.

म्हणून नेतृत्वाचे कामही बदलते. किती सापळे वाटले, एवढेच विचारणारा अधिकारी किंवा सरपंच पहिल्या विचारात राहतो. दुसरा विचार करणारा फरदडवाला शेतकरी, कापसातून रुई वेगळी करून सरकी साठवणारा जिनिंगवाला आणि धुऱ्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, सरपणासाठी रचून ठेवणाऱ्या बाया यांना एकत्र बसवतो, आणि आजच्या निर्णयाचे फळ पुढच्या खरिपातच दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो. अळी साठवलेल्या सरकीत आणि पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांतही दबा धरून राहते, म्हणून ‘पऱ्हाटी उपटून नष्ट करा’ हा सल्ला योग्यच आहे; पण पावसाळ्यात चुलीत काय घालायचे, हा त्या बायांचा प्रश्न सुटल्याशिवाय तो सल्ला शेतात उतरत नाही.