दोन तारांचं अर्हू आणि अजगराचं कातडं

व्हायोलिनचा किंवा सारंगीचा गज हवा तेव्हा तारांवरून उचलता येतो. चीनच्या अर्हूत तशी सोय नाही. त्याच्या गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंनी राळ लावावी लागते. बाहेरची तार वाजवायला गज पुढे रेटायचा, आतलीसाठी बोटांनी केस स्वतःकडे ओढायचे. आतली तार सा धरली, तर बाहेरची पंचमात लावलेली असते.

राळ लावलेले घोड्याचे केस तारेला चिकटून तिला ओढत नेतात. ताण वाढला की तार निसटते आणि लगेच पुन्हा चिकटते. बाहेरची मोकळी तार वाजते तेव्हा हे सेकंदाला साधारण 440 वेळा घडतं. तारेखाली पट्टी नसते, बोट अधांतरी तारेवरच टेकतं. जरा जास्त दाबलं की ताण वाढतो, स्वर चढतो. म्हणून या वाद्यावर मींड आणि कंप इतके सहज येतात.

पण बारीक तार एकटी कितीशी हवा हलवणार? तिचा कंप छोट्या घोडीतून लाकडी पेटीच्या तोंडावर ताणलेल्या अजगराच्या कातड्यात उतरतो. हे कातडं सगळ्या कंपनांना सारखी दाद देत नाही. काही उचलून धरतं, काही दाबून टाकतं. आपला घसा आणि तोंडही आवाजाला असाच आकार देतात. अर्हू गाणाऱ्या गळ्यासारखं का वाटतं, याचं मला पटणारं कारण हेच. घोडीच्या खाली, तारा आणि कातडं यांच्यामध्ये कापडाची किंवा फेल्टची बारीकशी गादी सारलेली असते. ती काढली तर स्वर खरखरतो.

वूशी गावचा अंध वादक हुआ यानजुन, लोकांचा आबिंग, रस्त्यावर वाजवून पोट भरायचा. 1950 साली संगीताचे अभ्यासक यांग यिनलिउ आणि त्साओ आनह तिथे गेले आणि त्यांनी त्याचं वादन टेपऐवजी पोलादी तारेवर आवाज साठवणाऱ्या यंत्राने ध्वनिमुद्रित केलं: तीन रचना अर्हूवर, तीन पिपा या छेडून वाजवायच्या चिनी तंतुवाद्यावर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आबिंग गेला. आज अर्हूची सर्वांत प्रसिद्ध रचना त्या सहांतलीच आहे. थोडा उशीर झाला असता तर त्याच्या हातचं काहीच उरलं नसतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कातड्याची अडचण मात्र आजही आहे. दमट हवेत ते सैल पडतं, कोरड्या हवेत आखडतं. शिवाय अजगराच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी निघालेल्या वादकाला वाद्यासाठी परवान्याची कागदपत्रं बघावी लागतात. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने यावर पॉलिएस्टरचा पडदा बसवलेली वाद्यं तयार केली आणि आपल्या मैफलींत वापरायला घेतली. पडद्याची जाडी, वजन आणि ताण जमवणं त्यामानाने सोपं. कंप किती वेळ टिकावा आणि कुठे विरावा, हे कातड्यासारखं साधणं जास्त किचकट आहे. तरीही या कामाला सर्व वादकांनी मनापासून साथ द्यायला हवी, असं मला वाटतं.