कार्ड फास्ट, बस स्लो: हे दुखणं कुठून सुरू झालं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घेऊन जाणारे बरेच जण मदरबोर्डवर कुठला स्लॉट रिकामा आहे ते बघतच नाहीत, आणि मग स्पीड मिळत नाही म्हणून आधी केबल बदलतात, मग स्विच बदलतात. दुखणं मात्र जुनं आहे: कार्ड फास्ट होतं, पण बोर्डवर कार्ड, डिस्क आणि मेमरी यांच्यात डेटा नेणाऱ्या तारा, म्हणजे बस, मागे पडते.

१९९२ ला पीसीआय बस आली, ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३३ एमबी, आणि १०० मेगाबिट नेटवर्कला लागायचे साधारण १२ (एमबीतला बाइट म्हणजे ८ बिट), त्यामुळे रान मोकळंच होतं. घोळ झाला १९९९ ला, साध्या तांब्याच्या केबलवर गिगाबिट आलं तेव्हा. गिगाबिट म्हणजे एका बाजूने १२५ एमबी, येणं-जाणं धरलं तर २५०. आणि ते १३३ पण एकट्या कार्डाचे नव्हते हो! पीसीआय सामायिक, एका वेळी एकानेच बोलायचं, डिस्क कंट्रोलर, साउंड कार्ड सगळे त्याच तारांवर. ठाणे-दिवा पट्ट्यात २०२२ ला पाचवी-सहावी लाईन सुरू होईपर्यंत मेल-एक्स्प्रेस फास्ट लोकलच्याच रुळांवर यायच्या ना, अगदी तसं. सर्व्हरवरून फाईल कॉपी केली की तोच डेटा आधी डिस्ककडून मेमरीत, मग मेमरीतून कार्डात, म्हणजे त्याच बसवरून दोनदा जायचा, तिथेच १३३ चे निम्मे झाले, वर बस आता कोणाला द्यायची यात जाणारा वेळ वेगळाच. प्रभादेवीच्या एका डीटीपी ऑफिसात आम्ही हे भोगलंय, काही केल्या ४० एमबीच्या वर जाईना, शेवटी डिस्क आणि नेटवर्कला वेगळी बस असलेला बोर्ड घातला तेव्हा सुटलं.

सर्व्हरवाल्यांसाठी पीसीआयचीच वेगवान बहीण पीसीआय-एक्स होती, जवळपास ८.५ गिगाबिटची, पण २००२ ला १० गिगाबिट इथरनेट आलं आणि परत तेच. इंटेलने तर २००३ ला गिगाबिटची चिप पीसीआयवरून काढून थेट नॉर्थब्रिजला, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीला जोडणाऱ्या मुख्य चिपला, जोडायची सोय केली.

त्याच सुमारास पीसीआय एक्सप्रेस आली. माझ्या मते तिचं मोठेपण स्पीडमध्ये नाही, सामायिकपणा गेला यात आहे, प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन, म्हणजे डेटाच्या स्वतंत्र तारा, जायची वाट वेगळी, यायची वेगळी. तरी १०० गिगाबिटला सेकंदाला १२.५ जीबी लागतात आणि तिसऱ्या जनरेशनच्या ८ लेन मिळून ८ जीबी पण देत नाहीत, १६ लेनच हव्यात. त्यात स्लॉट दिसायला लांबलचक असला तरी आत ४ लेनच जोडलेल्या असू शकतात, म्हणून पैसे देण्याआधी बोर्डच्या मॅन्युअलमधलं ते पान उघडा, दुसऱ्या जनरेशनची एकच लेन असेल तर १० गिगाबिटचं कार्ड ४ गिगाबिटलाच अडणार.