चिकन फो आणि सोमवार-शुक्रवारची गोष्ट

अमेरिकेत सॅन होजेला नवीन आलेल्या मराठी मंडळींना मी पहिल्यांदा फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल सूप, खायला नेतो तेव्हा दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, "चिकनचा मिळतो ना रे?" आणि दुसरा, समोर ताटभर कच्चा पाला आणि मोड आलेले मूग आले की, "हे असंच खायचं?" बीफ न खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तर थोडा अपराधी भाव असतो, आपल्यामुळे खरा पदार्थ सोडून भलतंच काहीतरी मागवतोय असा. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे दरवेळी टेबलावर लेक्चर द्यायला नको, सूप गार होतं.

आधी उच्चार. 'फो' आपण सगळेच म्हणतो, मीही खाली तेच लिहिणार आहे, पण व्हिएतनामी माणूस 'फ' म्हणतो आणि सूर खाली नेऊन परत वर आणतो, आपल्याला नीट ऐकू आलं नाही की आपण "हंऽ?" करतो ना, साधारण तसा.

तर हा पदार्थ फार जुना नाहीये. हजार वर्षांची परंपरा वगैरे काही नाही, जेमतेम सव्वाशे वर्षं, तीही उत्तर व्हिएतनाममधली, हनोई आणि तिच्या दक्षिणेचा नाम दिन्ह प्रांत. तिकडे बैल-म्हशी शेतात राबायच्या, गोमांस रोजच्या जेवणात नव्हतं. फ्रेंच आले, त्यांना स्टेक हवा, मग हनोईत गुरं कापली जायला लागली आणि कसायाकडे हाडं आणि चिवट तुकडे स्वस्तात पडून राहायला लागले. रेड रिव्हरच्या काठावर फेरीवाले आधीपासून म्हशीच्या मांसाचं नूडल सूप विकत होते, त्यांनी ही हाडं उचलली आणि मटेरियल बदललं. हे फेरीवाले चिनी आणि व्हिएतनामी दोन्ही, आणि गिऱ्हाईक म्हणजे नदीवरचे हमाल, बोटींवरचे कामगार. नाम दिन्हला फ्रेंचांची कापडगिरणी होती, तिथल्या कामगारांना वान कू गावचे लोक फो विकायचे आणि तेच पुढे हनोईत येऊन बसले, आजही त्या गावातलं 'को' हे आडनाव हनोईतल्या कितीतरी पाट्यांवर दिसतं. विकायची पद्धत म्हणजे चक्क आपली कावड, एका टोकाला पेटती शेगडी आणि हाडांच्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला नूडल्स, वाडगे, मसाले, आणि रात्री गल्लोगल्ली आरोळी.

नावावरून भांडणं आहेत. एक पार्टी म्हणते 'पो-तो-फ' नावाचा फ्रेंचांचा बीफचा रस्सा असतो, त्यातला 'फ' म्हणजे विस्तव तोच हा, कारण त्यातही कांदा भाजून टाकतात आणि फोमध्येही कांदा-आलं जाळावर काळं करून टाकतात. दुसरी पार्टी म्हणते चिनी फेरीवाल्यांच्या आरोळीतला 'फन' म्हणजे तांदळाची शेवई, तोच घासून घासून फो झाला. १९३१ च्या व्हिएतनामी शब्दकोशात दुसरं मत दिलंय आणि मला तेच पटतं. गरमागरम काहीतरी विकणारा माणूस फ्रेंच साहेबाच्या स्वयंपाकघरातला शब्द कशाला ओरडेल?

आता चिकनची गोष्ट. १९३९ च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी बाजारात गोमांस विकत नसत. आठवड्यातले दोन दिवस धंदा बंद ठेवणं कोणाला परवडतं, मग त्या दिवशी कोंबडीचा फो. तेव्हा नाकं मुरडणारे होतेच, फो म्हणजे बीफच म्हणणारे, पण लोक खात राहिले आणि आज हनोईत फक्त चिकन फो विकणारी, त्यावरच नाव कमावलेली दुकानं आहेत. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर मुंबई-पुण्यात फो म्हटलं की बहुतेक चिकनच मिळतो आणि त्यावर कोणीतरी "हा काय ओरिजिनल नाही" म्हणतोच. त्याला सांगायचं, बाबा रे, बीफ मिळत नाही म्हणून चिकन, हेच तर चिकन फोचं ओरिजिनल कारण आहे.

पाल्याचं उत्तर वेगळं आहे, त्याला १९५४ साल लागतं. जिनिव्हा करारात देशाचे दोन भाग झाले, सतराव्या अक्षांशावर रेघ, आणि आठ-दहा लाख माणसं उत्तरेकडून दक्षिणेत गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला गेला. दक्षिण म्हणजे मेकाँगचा सुपीक भाग, भाज्या भरपूर, जीभ जरा गोडाकडे झुकणारी, तिथे या साध्या सूपाला मूग, तुळशीच्या जातीचा सुगंधी पाला, करवतीसारख्या कडांची लांब कोथिंबीर, लिंबू आणि काळा गोडसर हॉइसिन सॉस येऊन चिकटले. हनोईत यातलं फारसं काही नसतं, वर कांद्याची पात, बाजूला लसणाचा व्हिनेगर आणि मिरची, संपलं. आपण परदेशात जे खातो तो जवळजवळ सगळा सायगावचा फो.

उत्तरेत राहिलेल्या फोचे मात्र हाल झाले. खाजगी धंदा बंद, सरकारी दुकानं, रेशन. मांस नसलेलं नुसतं पाणी आणि नूडल्स मिळायचे, चवीला अजिनोमोटो. अमेरिकेची टेहळणीची विनापायलट विमानं डोक्यावर फिरत होती, तर लोकांनी त्या वाडग्याला नाव दिलं 'विनापायलट फो'. उपाशीपोटी इतका चांगला जोक सुचतो म्हणजे कमाल आहे. १९८६ नंतर आर्थिक सुधारणा आल्या तेव्हा कुठे खाजगी दुकानं पुन्हा उघड्यावर आली.

सायगावात तोवर 'फो बिन्ह' नावाच्या दुकानात वेगळंच शिजत होतं. खाली अमेरिकन सैनिकसुद्धा फो खायला यायचे आणि वरच्या मजल्यावर १९६८ च्या टेट हल्ल्याची, म्हणजे कम्युनिस्टांनी नववर्षाच्या सणात दक्षिणेवर केलेल्या मोठ्या हल्ल्याची, तयारी चालली होती. मालक न्गो तोआय हे त्या गुप्त गटाला सामील, नंतर पकडले गेले, तुरुंगात गेले. दुकान आजही आहे. बिन्ह म्हणजे शांतता, हे आणखी वर.

मग ३० एप्रिल १९७५, सायगाव पडलं, आणि पुढची काही वर्षं लोक मिळेल त्या बोटीने निघाले. अमेरिकेतली आपली फोची दुकानं तिथून सुरू होतात. आज व्हिएतनामच्या बाहेर एकाच शहरात सगळ्यात जास्त व्हिएतनामी लोक कुठे असतील तर ते आमच्या सॅन होजेत. नावातले आकडे बघा, फो ५४, फो ७५. सगळेच आकडे सालं नसतात, काही सायगावच्या जुन्या दुकानाचा घरनंबर असतो, काही नुसते लकी, पण ७५ चा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हमधलं 'फो ७९' १९८२ पासून चालू आहे आणि २०१९ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा अमेरिकन क्लासिक म्हणून पुरस्कार मिळाला, ग्रोसरी आणि नेल सलॉनच्या शेजारच्या असल्या गाळ्यांना अशी मोठी बक्षिसं सहसा मिळत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतोय.

टेबलावरची ती कोंबडा छापलेली, हिरव्या टोपीची, तिखट श्रीराचा सॉसची लाल बाटलीही याच गोष्टीतली. ती बनवणारे डेव्हिड ट्रान १९७८ च्या शेवटी ज्या मालवाहू जहाजातून निघाले त्यात तीन हजारांहून जास्त निर्वासित होते आणि हाँगकाँगच्या बाहेर ते कित्येक आठवडे अडवून ठेवलं होतं. जहाजाचं नाव हुई फाँग. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला कंपनी काढली तिलाही तेच नाव दिलं. कोंबडा का, तर त्यांचं जन्मसाल चिनी पंचांगात कोंबड्याचं.

शाकाहारी मंडळींनो, मेनूत 'फो चाय' दिसला तर चहा समजू नका, 'चाय' म्हणजे शाकाहारी. बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तोच खातात. तरी फिश सॉस नाही ना हे काउंटरवर विचारून घ्या. वासाने फो परका वाटणार नाही, चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलचीची एक चुलत बहीण, आपल्या गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं होतं, आणि भारतात येणारं बरंचसं चक्रीफूल तसंही व्हिएतनामचंच असतं.

माझ्या ऑफिसात एक हनोईचा आहे. त्याच्यासमोर मी एकदा सूप न चाखताच लाल आणि काळा दोन्ही सॉस वाडग्यात पिळले, तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मग त्याने वेटर मावशींकडे लसणाचा व्हिनेगर मागितला. त्या सायगावच्या. म्हणाल्या तसलं काही नसतं इथे, आणि लिंबाच्या चार फोडी आणून ठेवल्या.